रिबकाच्या वहीतल्या चार ओळी

हॅलमसाहेब म्हणाले की त्यांच्या लहानपणी एकदा एवढं बर्फ पडलं, की सगळ्या मेंढ्या कुंपणासकट गाडल्या गेल्या. मी माइक तोंडाशी घेतला आणि सांगितलं, "साहेबांच्या गावाला एकदा एवढा पूर आला, की सगळ्या शेळ्या गोठ्यासकट वाहून गेल्या."

मांडव हळहळला. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी पदर डोळ्यांना लावला. हॅलमसाहेबांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. त्यांना मराठी अजिबात येत नव्हतं, हा माझ्या दृष्टीनं त्यांचा सर्वांत मोठा गुण होता.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, मिशन कंपाउंडात चर्चच्या बाजूच्या लिंबाखाली मांडव पडला होता. तीन दिवसांच्या संजीवन सभा होत्या, म्हणजे थंडावलेली श्रद्धा पुन्हा जागवायच्या. रेव्हरंड हॅलम त्यासाठी न्यूझीलंडहून आले होते आणि मी त्यांचा दुभाषी होतो. ते दोन-तीन वाक्यं बोलून थांबायचे, मी ती मराठीत सांगायचो, मग ते पुढे निघायचे. एरवी मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. वर्गात पटावर साठ मुलं, हजर नऊ, आणि त्यातली चार पंख्याखाली बसायला आलेली. इकडे सहाशे माणसं माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती आणि त्यांना परीक्षासुद्धा द्यायची नव्हती. माणूस बिघडायला एवढं पुरतं.

भाषांतर करताना मी थोडं सांभाळून घ्यायचो. 'सांभाळून घेणं' हा शब्द अमोलिक मास्तरांचा. मास्तर निवृत्त मुख्याध्यापक आणि मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांच्या, पंचांचे अध्यक्ष. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं होतं.

"शमुवेलसर, साहेब देवाचा माणूस आहे, पण तिकडचा आहे. जास्तीचं काही बोलला, तर तुम्ही सांभाळून घ्या."

त्याच दिवशी संध्याकाळच्या सभेत साहेब म्हणाले, की चर्चमध्ये पुढच्या खुर्च्या धरून बसणाऱ्यांनी एखादा रविवार मागे, चपलांपाशी बसून पाहावं. पुढच्या खुर्चीत अमोलिक मास्तर होते. मी सांगितलं, "वडीलधाऱ्यांचा मान राखा, त्यांना बसायला पुढे जागा द्या." सभा संपल्यावर मास्तरांनी माझ्यासाठी उसाचा रस पाठवला. मला वाटलं, यात आहे काय एवढं?

आता रिबकाबद्दल सांगतो.

रिबका बायकांच्या बाजूला डावीकडच्या अगदी कडेच्या खुर्चीत बसायची, म्हणजे बोलणारा उजव्या हाताला येईल आणि उजवा कान त्याच्याकडे राहील. डाव्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं. तो तिच्या नवऱ्यानं, विल्यमनं, तीन वर्षांपूर्वी जालन्याला एका थपडेत घालवला होता. त्याला आमच्या कंपाउंडात 'विल्यमचा हात उठतो जरा' असं म्हणत. पाऊस पडतो जरा, तसं. तेव्हापासून ती भावाकडे, शांतवनकडे, राहत होती. सकाळी मिशनच्या बालवाडीत शिकवायची, दुपारी शिवणकाम करायची. मला दादा म्हणायची, कारण आम्ही एकाच चाळीत वाढलो होतो.

आणि तिच्याकडे एक वही होती. दोनशे पानी, खाकी वेष्टणाची. डाव्या पानावर ती उपदेश उतरवून घ्यायची. उजव्या पानावर, उपदेश कितीही लांबलेला असो, एकच ओळ: आपण आता काय करायचं. एकदा तिनं मला ती वही दाखवली होती. डावीकडे 'तुम्ही पृथ्वीचे मीठ' या विषयावरचा आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा पाऊण तासाचा उपदेश. उजवीकडे: 'सोनूबाई मावशींना मंगळवार-शुक्रवार पाणी भरून देणे.' डावीकडे दोन पानं पश्चात्ताप. उजवीकडे: 'वहिनींना उलट बोलले, त्याबद्दल माफी मागणे (आजच).'

"आणि हे करतेस?" मी विचारलं होतं.

"मग लिहायचं कशाला?"

ही गोष्ट मी तेव्हा कॉलेजच्या स्टाफरूममध्ये विनोद म्हणून सांगायचो. आमच्या मंडळीत एक बाई आहे, ती उपदेश ऐकते ते काहीतरी करायचं म्हणून. सगळे हसायचे.

शनिवारी सकाळी सभेच्या आधी पाळकसाहेबांच्या अंगणात चहा चालला होता. हॅलमसाहेबांनी मला विचारलं, "त्या कडेला बसणाऱ्या बाई मान वळवून ऐकतात. त्यांच्या कानाला काय झालंय?"

मी सांगितलं. लपवण्यासारखं काय होतं? साहेबांनी कप खाली ठेवला. मग खिशातून उपदेशाचे कागद काढले आणि पेन्सिलीनं समासात काहीतरी लिहिलं.

मांडवाच्या तोंडाशी अमोलिक मास्तर माझी वाटच पाहत होते.

"विल्यम आलाय," ते हळूच म्हणाले. "शांतवननंच बोलावून घेतला. साहेबांचा आजचा विषय क्षमा. बघा, प्रभूनं कसं जुळवून आणलंय."

"रिबकाला माहितीय?"

"आता कळेलच की. शांतवनच्या घरी दोन खोल्या, त्याची बायको, तीन लेकरं. किती दिवस ठेवणार तो तरी? आज एक घर उभं राहतंय, शमुवेलसर." त्यांनी माझा खांदा थोपटला. "सांभाळून घ्या."

विल्यम शांतवनच्या शेजारी बसला होता. पांढराशुभ्र सदरा, कडक इस्त्री, कपाळावर तेल. रिबका नेहमीच्या जागी. तिनं त्याला पाहिलं होतं, कारण तिच्या मांडीवरची वही बंद होती आणि त्यावर दोन्ही हात होते.

साहेब बोलायला लागले. आपलं किती माफ झालेलं असतं आणि आपण किती थोडं माफ करतो, असा एकूण धागा होता. मी रंगात आलो होतो. मधेच रिबकानं वही उघडलेली मला दिसली. मग साहेब वडिलांच्या कुत्र्याच्या गोष्टीवर आले. राखणीच्या कुत्र्यानं एके दिवशी दोन मेंढ्या मारल्या. मी शेळ्या मारल्या. शेजारी म्हणाले, गोळी घाला. वडिलांनी घातली नाही. कुत्रं येऊन पायाशी लोळलं. इथे मी पदरची शेपटी लावली आणि ती हलवूनही दाखवली. मांडव खदखदून हसला. वडिलांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याला भाकरी घातली, क्षमा केली.

हशा ओसरायची साहेबांनी वाट पाहिली. मग त्यांनी हातातल्या कागदाच्या समासाकडे पाहिलं, मान वर केली आणि न थांबता चार-पाच वाक्यं बोलले. या वेळी ते सहाशे माणसांकडे पाहत नव्हते. डावीकडच्या कडेला पाहत होते. बोलून झाल्यावर थांबले आणि माझ्याकडे वळले.

मी माइक वर केला. पुढच्या खुर्चीतून अमोलिक मास्तर माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या मागे शांतवन, त्याच्या शेजारी तो पांढराशुभ्र सदरा. बाजूच्या चुलाणावर सगळ्या मंडळीच्या प्रीतिभोजनाचं मटण शिजत होतं, त्याचा वास येत होता. आणि खरं सांगायचं, तर त्या चार-पाच वाक्यांत एकही विनोद नव्हता.

मी म्हणालो, "म्हणून, प्रियजनहो, मनापासून क्षमा करा."

साहेब किंचित गोंधळले. मग त्यांनी मान डोलावली. जेवताना ते पाळकसाहेबांना म्हणाले, की मराठी ही फार आटोपशीर भाषा आहे.

शेवटच्या गीताच्या वेळी विल्यम उठला आणि रडत रडत पुढे गेला. गुडघे टेकले. मांडवात हुंदके सुरू झाले. शांतवन बायकांच्या बाजूला जाऊन बहिणीपाशी वाकला. ती बसूनच राहिली. शेवटी अमोलिक मास्तर मंचावरून स्वतः म्हणाले, "रिबका, बाळ, ये पुढे."

ती आली, वही छातीशी धरून. विल्यमनं तिचे पाय धरले. ती दोन पावलं मागे सरली.

"मला उद्यापर्यंत वेळ द्या," ती म्हणाली.

"क्षमेला काय मुदत असते होय बाळ?" मास्तर हसत म्हणाले. ते माइकवर ऐकू गेलं, आणि मंडळीही हसली. मायेनंच हसली.

जेवणाच्या वेळी मी पाण्याच्या पिंपापाशी हात धूत होतो. ती माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली, मग आठवण होऊन दुसऱ्या बाजूला आली.

"दादा, एक विचारू? कुत्र्याच्या गोष्टीनंतर साहेब बरंच बोलले. मी बघत होते. माझ्याकडंच बघून बोलत होते असं वाटलं मला."

"मंचावरून सगळ्यांना तसंच वाटतं."

"तुम्ही एवढंसंच सांगितलं."

"इंग्रजीत पाल्हाळ असतं गं."

"तसं नाही. लोकं हसत होती, त्यात मला कमी येतं ऐकू. तुम्ही सांगितलं असेल, माझंच राहिलं असेल." तिनं वही उघडली. "हे उजवं पान कोरं आहे. काय लिहायचं ते कळेना. मला भीती वाटते दादा, खरं सांगते. त्याचा आवाज नुसता ऐकला तरी हातापायातला जीव जातो. पण साहेब एवढ्या लांबून आले, वचनावर बोलले, तर ते काय सोडून द्यायचं? म्हणून विचारते. काही राहिलं का माझं?"

मी हात पुसले. रुमाल लहान होता. तरी त्याला बराच वेळ लावला. पलीकडे पंगतीत मास्तर विल्यमला आग्रहानं वाढत होते. आता सांगितलं, तर आधी का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. संध्याकाळच्या सभेला मला पुन्हा मंचावर उभं राहायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. "काही राहिलं नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग ठीक आहे. विचारलेलं बरं असतं."

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, झालं. दोघांनी शेजारी गुडघे टेकून ते घेतलं. अमोलिक मास्तरांचा चेहरा असा उजळला होता, की जणू लग्न त्यांनीच लावलं होतं.

सोमवारी सकाळी हॅलमसाहेबांना पुण्याची गाडी गाठून द्यायला मी एसटी स्टँडवर गेलो, तर जालन्याची गाडी लागलेली. विल्यम टपावर ट्रंक चढवत होता. खिडकीपाशी रिबका, तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारी खाकी वही. साहेबांनी तिला ओळखलं.

"त्या कुठे निघाल्या?"

"नवऱ्याकडे," मी म्हणालो.

साहेब थबकले. "पण मी जे म्हणालो, ते त्यांनी ऐकलं ना?"

"ऐकलं."

"तरीही?"

"इकडे घरच्या गोष्टी जरा वेगळ्या असतात," मी म्हणालो. दोन्ही भाषा मला येत होत्या, याचा असाही उपयोग होतो.

साहेबांनी टोपी काढली आणि खिडकीकडे बघून तिला नमस्कार केला, आपल्याकडे करतात तसा, दोन्ही हात जोडून. जालन्याच्या गाडीचा ड्रायव्हर चहाला गेला होता. तो येईपर्यंत चांगली दहा मिनिटं गेली. त्या दहा मिनिटांत मी एक डझन केळी घेतली आणि खिडकीतून तिच्या हातात दिली.

"कशाला दादा एवढी?"

"असू दे. प्रवासात लागतात."

चौदा महिन्यांनी शांतवन तिला परत घेऊन आला. कुकरचं झाकण. उजव्या बाजूला, कानाच्या वर. सरकारी दवाखान्यात झालं, पुण्याला दाखवून झालं, यंत्र लावून पाहिलं. काही उपयोग नव्हता. आता दोन्ही कान गेले होते. अमोलिक मास्तरांनी त्या रविवारी तिच्यासाठी फार सुंदर प्रार्थना केली. ती त्यांच्या ओठांकडे पाहत होती.

या वेळी मात्र तिला परत पाठवण्याची भाषा कोणी केली नाही. चर्चच्या मागची कोठाराची खोली तिला मिळाली. बालवाडी सुटली, शिवणकाम राहिलं. आणि ती दर रविवारी उपासनेला येतच राहिली, त्याच कडेच्या खुर्चीत, आता त्याची काही गरज नसताना. वही आणायची. मांडीवर उघडी ठेवायची. उपासना संपली, की कोरी घेऊन जायची.

हे पाळकसाहेबांना बघवेना. त्यांनी सुचवलं, की कोणीतरी उपदेशाचा सारांश तिला लिहून द्यावा. आणि हे काम कोणाला जमेल, याबद्दल पंचांत एका मिनिटाचीही चर्चा झाली नाही. शमुवेलसर. त्यांचा हातखंडा आहे.

तेव्हापासून रविवारी मंडळी घरी गेल्यावर मी मागच्या बाकावर बसून तिच्या वहीत डावं पान लिहायचो. ती शेजारी बसून माझा हात पुढे सरकताना बघायची. उजवं पान ती घरी जाऊन लिहायची. चार वर्षं असं चाललं. मी एकही वाक्य गाळत नव्हतो. पाळकसाहेबांची तीच तीच उदाहरणंसुद्धा पुरी लिहायचो. एक मात्र करत नव्हतो: त्या शनिवारचं गाळलेलं तिला सांगत नव्हतो.

चौथ्या वर्षी, लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, एका रविवारी, तिची नवी वही संपलेली होती. ती जुनी खाकी घेऊन आली. "हिच्यात शेवटी पाच-सहा पानं उरलीत," ती म्हणाली. दोन्ही कान गेलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही. ती मोठ्यानं बोलायची, रिकाम्या चर्चमध्ये तो घुमायचा.

कोरं पान शोधताना मी ते पान उघडलं. शोधत नव्हतो असं म्हणता येणार नाही.

'१५ फेब्रुवारी १९९७, शनिवार, सकाळ. रेव्ह. हॅलम. क्षमा.' गोष्ट सगळी होती. शेळ्या होत्या, माझी शेपटी होती. 'क्षमा केली' या शब्दांनंतर चार ओळी मोकळ्या सोडलेल्या. त्यांच्या शेजारी समासात, बारीक अक्षरात: 'इथे साहेब बरंच बोलले. कानामुळे राहिलं. दादांना विचारणे.' त्याखाली दुसऱ्या शाईनं: 'विचारलं. काही राहिलेलं नाही.' आणि मग उजवं पान, एकच ओळ: 'जालन्याला परत जाणे.'

काही राहिलेलं नाही, हे लिहिल्यावरही त्या चार ओळी तिनं भरल्या नव्हत्या. तिथून पुढे लिहिता आलं असतं. जागा तशीच ठेवली होती.

मी पेन उघडलं. पाच वर्षांत अक्षरन् अक्षर विसरलो असतो, तर किती बरं झालं असतं. मी लिहिलं:

'माझ्या वडिलांनी त्या कुत्र्याला क्षमा केली, जन्मभर पोसलं, पण पुन्हा कधी मेंढ्यांच्या वाड्यात सोडलं नाही. क्षमा करणं वेगळं आणि दार उघडणं वेगळं. ज्यानं तुम्हाला मारलं त्याला क्षमा करा, पण त्याचा हात पोचेल इतक्या जवळ परत जाऊ नका. देव ते तुमच्याकडून मागत नाही. इथे बसलेल्या एका बहिणीला हे मला मुद्दाम सांगायचं आहे.'

चार ओळींत ते बरोबर बसलं. एवढंच होतं.

ती माझा हात बघत होती, तशी वाचतही होती. संपल्यावर तिनं वही स्वतःकडे ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, बोट ठेवून, बालवाडीतल्या मुलांना शिकवायची तसं.

"हे साहेब त्या दिवशी बोलले?"

मी मान हलवली.

"मंचावर? सगळ्यांच्या समोर?"

मी मान हलवली.

"तुम्ही नाही सांगितलं."

मी समासात जागा शोधली आणि लिहिलं, 'भ्यालो.' आणखीही पुष्कळ लिहिता आलं असतं. मास्तर होते, संध्याकाळची सभा होती. पेन पुढे सरकलं नाही.

ती रडेल असं मला वाटलं. ओरडेल, असंही वाटलं. वही घेऊन उठून जाईल, असं तर नक्कीच वाटलं. त्याची मी थोडी वाटही पाहत होतो, कारण मग ते संपलं असतं. ती बसून राहिली. समासातल्या त्या बारीक अक्षरांकडे पाहत.

"म्हणजे," ती म्हणाली, त्या मोठ्या आवाजात, "त्या दिवशी माझा कान बरोबर होता."

मग तिनं पिशवीतून शिवणाची पट्टी काढली. 'कानामुळे राहिलं' या शब्दांवर ती नीट ठेवली आणि माझ्याच पेननं एक सरळ रेघ मारली. बाकी कशाला हात लावला नाही. माझ्या चार ओळींना नाही, 'भ्यालो'ला नाही, उजव्या पानालाही नाही. शाई वाळेपर्यंत थांबली. पानं उलटत शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत आली आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"आजचं लिहा दादा," ती म्हणाली.

मी पेन हातात घेतलं. आज पाळकसाहेब कशावर बोलले, ते मला काही केल्या आठवेना.

"सगळं लिहा," ती म्हणाली, आणि वाट बघत बसली.